वजन नंतर, आधी रक्त आणि झोप: एका आईचं प्रकरण

पार्श्वभूमी

वय ३६. थोरलं मूल सहा वर्षांचं, धाकटं चौदा महिन्यांचं. नोकरी बैठी. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. पहिल्या गरोदरपणाआधी हेच वजन ६६ होतं, दुसऱ्याच्या आधी ७१. (ओळख पटेल असे सगळे तपशील काढले आहेत. मजकूर त्यांनी स्वतः वाचून होकार दिला आहे.)

मी आहारतज्ज्ञ. त्या आल्या तेव्हा मागणी ठरलेली होती. "तीन महिन्यांत पंधरा किलो. कितीही कडक डाएट द्या मॅडम, मी करेन."

त्या करतील यात शंका नव्हती. आधीच्या वर्षात त्यांनी दोनदा करून पाहिलं होतं. एकदा रात्रीचं जेवण बंद केलं. एकदा ऑनलाइन 'चॅलेंज'मध्ये भाग घेऊन दिवसाला हजाराच्या आत कॅलरी ठेवल्या. त्यात सात आठवड्यांत सहा किलो उतरले आणि पुढच्या चार महिन्यांत सात किलो चढले. 'आपल्यात चिकाटी नाही' असा त्यांनी स्वतःबद्दल निष्कर्ष काढून ठेवला होता. रात्री दोन-तीनदा उठून बाळाला पाजायचं, दिवसा नोकरी करायची आणि सात आठवडे एवढ्याशा अन्नावर राहायचं, हे चिकाटी नसलेल्या माणसाला जमत नाही. पण हे बोलून पटत नाही, म्हणून पहिल्या भेटीत मी त्यावर वाद घातला नाही.

तक्रारी विचारल्यावर एकेक निघत गेल्या. जिना चढताना धाप, केस मूठमूठ गळणं, कंबरदुखी, दुपारी चारनंतर डोळे मिटणं, पाळीत खूप रक्तस्राव. दुसऱ्या गरोदरपणात मधुमेह निघाला होता आणि शेवटचे दोन महिने इन्सुलिन घ्यावं लागलं होतं. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांच्या आत ग्लुकोजचं पाणी पिऊन साखर पुन्हा तपासायची असते. ती झालीच नव्हती. रुग्णालयातून घरी जाताना दिलेल्या कागदावर तशी सूचना होती, पण बाळाच्या कागदांत तो कागदही फाइलला लागून गेला.

प्रश्न नेमका काय होता

वजन जास्त होतं हे उघड होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, ३२.८; कंबरेचा घेर ९९ सेंटिमीटर. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात. तरीही आहार आखण्याआधी मी त्यांना फिजिशियनकडे पाठवलं, आणि तपासण्या आल्यावर चित्र बदललं.

हिमोग्लोबिन ९.८. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तो रक्तक्षय ठरतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज, फक्त ७. तिथे १५ च्या खाली कमतरता धरतात. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, ६.८, म्हणजे जास्त; मात्र फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, ठीक. थायरॉइडविरोधी अँटिबॉडी पॉझिटिव्ह. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेच्या सरासरीचा अंदाज, ६.१ टक्के; हा आकडा मधुमेहपूर्व पट्ट्यात.

या शेवटच्या आकड्यावर फिजिशियन थांबले आणि ते फार योग्य केलं. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. रक्तक्षय असलेल्या बाईला नुसत्या त्या आकड्यावरून 'तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात' असं सांगणं घाईचं झालं असतं, आणि लोह दिल्यावर तोच आकडा खाली आला की 'डाएटने उतरला' असं श्रेय घेणंही खोटं ठरलं असतं. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी केली, जी वर्षभरापूर्वीच व्हायला हवी होती. उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १५८. उपाशीपोटी १०० ते १२५ आणि दोन तासांनी १४० ते १९९ हा मधुमेहपूर्व पट्टा. दोन्ही आकडे त्यात बसत होते. शंका फिटली.

थायरॉइडचा आकडा पाहून त्यांना जवळजवळ आनंद झाला. "म्हणजे हे सगळं थायरॉइडमुळेच ना?" तसं नव्हतं. थायरॉइड खरोखर मंदावला तरी त्यातून वाढणारं वजन बहुतेकांत थोडक्या किलोंचं असतं आणि त्यातला बराच भाग साठलेल्या पाण्या-मिठाचा असतो. त्यांचा थायरॉइड तर सीमेवरच होता. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात काही स्त्रियांच्या थायरॉइडला सूज येते. आधी तो जास्त काम करतो, मग मंदावतो, आणि बहुतेकींचा बारा ते अठरा महिन्यांत पूर्ववत होतो. त्या याच काळात होत्या.

झोप मी आठवडाभर लिहून आणायला सांगितली होती. सरासरी पाच तास, तेही तुकड्यांत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचं असताना पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या आयांमध्ये वर्षअखेरीस पाच किलो किंवा जास्त वजन अंगावर राहण्याची शक्यता सात तास झोपणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळली. कमी झोपेमुळेच वजन राहतं हे त्यातून सिद्ध होत नाही. पण अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन कमी होतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यांच्या आहाराच्या नोंदीत रात्री दहानंतरचं खाणं दिवसभराच्या जवळजवळ एक तृतीयांश होतं.

आणखी एक गोष्ट. बोलताना 'मी आळशी झालेय', 'मुलांना माझ्यासारखी आई नको' अशी वाक्यं येत होती. मनःस्थिती तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. गुण ११ आले. १० ते १४ म्हणजे मध्यम नैराश्य. स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला उत्तर 'अजिबात नाही' होतं, तरी मी तो तोंडी पुन्हा विचारला. तो विचारल्याने काही बिघडत नाही.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय त्यांनी मागितलेला, म्हणजे कडक डाएट. रक्तक्षय, तुटक झोप आणि सुरू असलेलं स्तनपान पाहता मी तो बाजूला ठेवला. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पित्तखड्यांचा धोका वाढतो. सहा किलो उतरून सात चढतात तेव्हा परत येणाऱ्या किलोंत चरबीचा वाटा मोठा असण्याची शक्यता असते. स्तनपान करताना वजन उतरवूच नये असं मात्र नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठवड्याला सुमारे अर्धा किलो या गतीने वजन उतरवणाऱ्या, पूर्ण स्तनपान करणाऱ्या आयांच्या बाळांची वाढ नीट झाली होती. मुद्दा वेगाचा आहे.

दुसरा पर्याय भूक कमी करणारी इंजेक्शनं. त्या स्वतःच विचारून आल्या होत्या, आणि आजकाल बहुतेक जण विचारतात. त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधाच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. ही छोटी गोष्ट नाही. पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्तनपान करणाऱ्या आईत ते कितपत सुरक्षित आहे याची पुरेशी माहिती नाही, म्हणून ते टाळतात. स्तनपान बंद झाल्यावर पुन्हा बोलू, असं ठरलं.

तिसरा पर्याय मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहात दिली जाणारी साखर कमी करणारी गोळी. यावर आमची चर्चा सगळ्यात लांबली. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत (२००२, सहभागी ३,२३४) जीवनशैलीतल्या बदलाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. त्यावरून औषध दुय्यम वाटतं. पण त्याच चाचणीत गरोदरपणी मधुमेह होऊन गेलेल्या स्त्रिया वेगळ्या काढून पाहिल्या तर दोन्ही उपायांनी धोका जवळपास सारखाच, साधारण निम्म्याने, कमी झाला होता. फिजिशियनचं म्हणणं होतं की सुरू करावं. स्तनपानात ते चालतं. मी थांबायच्या बाजूची होते, कारण लोहाच्या गोळ्यांनी त्यांचं पोट आधीच बिघडलं होतं आणि मेटफॉर्मिनचाही पहिला त्रास पोटालाच होतो. त्यांना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी थांबायचं ठरवलं, एका अटीवर: सहा महिन्यांत पाच टक्के वजन उतरलं नाही किंवा साखर वाढली, तर गोळी सुरू.

उरला तो चौथा पर्याय. पहिले दोन महिने वजनाचं उद्दिष्टच ठेवायचं नाही. रक्त, झोप आणि मन आधी. खाणं आणि व्यायाम त्यानंतर हळूहळू. थायरॉइडची गोळी न देता आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहायचं.

काय केलं

लोहाची गोळी एक दिवसाआड, चहा-कॉफीपासून दूर ठेवून. पाळीतल्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. समुपदेशन आठवड्यातून एकदा.

झोपेचा प्रश्न आहारतज्ज्ञाच्या टेबलावर सुटणारा नव्हता. त्यासाठी पतींना बोलावलं. ते सहकार्य करणारे होते, पण त्यांच्या मनात 'डाएट हिचं, मी काय करणार' असं होतं. झोपेची नोंदवही त्यांच्यासमोर ठेवली. रात्री बाळ उठलं की आईच उठते, कारण त्याला दूध हवं असतं, हे त्यांचं गृहीत. चौदा महिन्यांच्या, दिवसा नीट जेवणाऱ्या बाळाला रात्री दूध लागतंच असं नसतं, हे बालरोगतज्ज्ञांनी सांगितल्यावर आठवड्यातल्या चार रात्री वडिलांच्या झाल्या. त्या रात्री आई दुसऱ्या खोलीत. पहिला आठवडा घरात कोणीच झोपलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या नोंदीत सलग सहा तास आले.

माझ्या मते हाच या प्रकरणातला खरा वळणाचा निर्णय. त्यानंतर रात्री दहानंतरचं खाणं, मी एकाही पदार्थावर बंदी न घालता, आपोआप निम्म्यावर आलं.

खाण्याच्या बाबतीत कॅलरी मोजायला सांगितलं नाही. मोजण्याने त्यांच्या मनात जुनं चॅलेंज जागं होत होतं. त्याऐवजी प्रत्येक जेवणात प्रथिनांचा एक ठळक पदार्थ, अर्धं ताट भाज्या, गोड पेयं बंद. सकाळी उपाशी निघून दुपारी थोडंसं खाऊन संध्याकाळी मुलांच्या ताटातलं उरलंसुरलं संपवणं हा त्यांचा जुना क्रम होता. मग खायची वेळ बदलली: ऑफिसमधून निघण्याआधीच काहीतरी भरीव खायचं. घरी पोचताना पोटात काही असलं की मुलांचं उरलेलं तसंच राहतं.

व्यायाम सुरू करताना एक अडचण उशिरा समजली. उडी मारताना, शिंकताना त्यांना थोडी लघवी सुटत असे. लाजेपोटी त्यांनी ते तिसऱ्या भेटीपर्यंत सांगितलं नव्हतं. आधी घेतलेलं व्यायामाचं ऑनलाइन सत्र त्यांनी 'आळसाने' सोडलं असं त्या म्हणत, ते खरं तर याच कारणाने सुटलं होतं. स्त्रियांच्या फिजिओथेरपीचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टने तपासलं तेव्हा ओटीपोटाच्या तळाचे, लघवी रोखून धरणारे स्नायू ढिले आणि पोटाच्या मधल्या स्नायूंत तीन बोटांचं अंतर निघालं. म्हणून सुरुवातीला धावणं, उड्या आणि सिट-अप्स बंद. श्वासाबरोबर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून पुश-अप, रबरी पट्ट्यांनी ओढण्याचे व्यायाम, आठवड्यातून दोनदा. जेवणानंतर दहा मिनिटं चालणं. आठवड्याला दीडशे मिनिटांचं जे सर्वसाधारण उद्दिष्ट आहे, तिथे त्या चौथ्या महिन्यात पोचल्या.

दोन अवघड जागा

दोन महिन्यांनी वजन ८१.२. आठशे ग्रॅम. त्या रडल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, चॅलेंजमध्ये तेवढ्यात सहा किलो गेले होते." इथे सगळं मोडण्याची शक्यता होती. मी काट्याऐवजी बाकीचे कागद काढले. हिमोग्लोबिन ११.४, टीएसएच ४.९, कंबर तीन सेंटिमीटर कमी, जिना न थांबता. त्यांनी ऐकून घेतलं. पूर्ण पटलं नसावं, पण पतींनी मध्येच सांगितलं की दुपारी फोन केला की आता ही चिडत नाही. त्याचा उपयोग माझ्या कागदांपेक्षा जास्त झाला.

नंतर वजन हलू लागलं. सहाव्या महिन्यात ७७.४, म्हणजे ५.६ टक्के कमी. मेटफॉर्मिनची अट टळली. मग मुलं पाठोपाठ आजारी पडली, रात्री पुन्हा मोडल्या आणि काटा थांबला. याला अपयश म्हणायचं कारण नव्हतं. शरीर लहान झालं की त्याचा खर्चही घटतो, आणि थकलेला माणूस नकळत कमी हलतो. दोन वाटा होत्या: अन्न आणखी कमी करायचं किंवा आहे त्या वजनावर जाणूनबुजून थांबायचं. दुसरी निवडली. दोन महिने उद्दिष्ट एकच, ७७ च्या आसपास राहायचं. आधीचं प्रत्येक वजन त्यांनी उतरवलं होतं. टिकवून कधी पाहिलं नव्हतं. आठव्या महिन्यात ७७.६ भरलं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं गेलं, आणि घसरणीची भीती तिथून कमी झाली.

निष्पत्ती

तेराव्या महिन्यात वजन ७३.६. सुरुवातीपासून ८.४ किलो, म्हणजे सुमारे दहा टक्के. बीएमआय २९.५, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात अजूनही 'जास्त वजन'. कंबर ८९. हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन ४१. टीएसएच ३.७, गोळी न घेता. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असल्याने तो दर वर्षी पाहायचा. ग्लुकोजची तपासणी पुन्हा केली: उपाशीपोटी ९५, दोन तासांनी १२८. दोन्ही सामान्य. पीएचक्यू-९ चे गुण ४. केस गळणं थांबलं, हे त्यांच्या यादीत साखरेच्या वर होतं.

मागितलेले पंधरा किलो उतरले नाहीत. अठराव्या महिन्यात वजन ७४.५ होतं. शिंकताना लघवी सुटणं थांबलं आहे, धावताना अजून थोडं होतं. म्हणून त्या भराभर चालतात, धावत नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

बाळंतपणानंतरची साखर तपासणी चुकली, तिथेच एक वर्ष गेलं. कागदावर सूचना लिहून हे काम होत नाही, कारण त्या आठवड्यांत आई स्वतःचे कागद वाचत नाही. बाळाच्या लसीकरणाला मात्र ती न चुकता येते. त्याच भेटीला आईची तपासणी जोडणं सोपं आहे.

लघवीचा प्रश्न आईने आपणहून सांगावा अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. व्यायाम सांगणाऱ्या प्रत्येकाने बाळंतीण होऊन गेलेल्या बाईला तो थेट, छापील अर्जातच विचारावा. अर्जावर खूण करणं तोंडाने सांगण्यापेक्षा सोपं जातं. पतींची भेट पहिल्या आठवड्यात ठेवली असती तर झोप महिनाभर आधी सुधारली असती, असं त्यांचंच म्हणणं आहे.

मेटफॉर्मिनवर फिजिशियनचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, साखर सामान्य झाली तरी गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीचा पुढचा धोका संपत नाही, आणि या बाईंच्या घरी रात्री सांभाळणारा जोडीदार होता म्हणून औषधाविना जमलं. ज्या घरी तो नाही तिथे थांबणं परवडणार नाही. यातला दुसरा भाग मला मान्य आहे. पुढची ग्लुकोज तपासणी वर्षाने आहे. दोन तासांनंतरचा आकडा पुन्हा १४० च्या वर गेला तर गोळी सुरू करायची, यावर तिघांचंही आधीच ठरलं आहे.